मुखपृष्ठे फाडून बांधलेले खंड

आम्ही तिघे वर्धा जिल्ह्यातील तीन वेगवेगळ्या महाविद्यालयांत मराठी शिकवतो. तिघांचीही चाळिशी उलटली आहे आणि तिघांनीही जुन्या मासिकांच्या बांधीव खंडांत आयुष्याचा बराच भाग घालवला आहे. या खंडांविषयी एक गोष्ट आम्हांला फार उशिरा लक्षात आली, याची आज लाज वाटते. त्यांत मुखपृष्ठे नसतात. बारा अंक एकत्र शिवायचे म्हटले की बाइंडर आधी वरचे रंगीत पान काढतो, मग मागचे, मग जाहिरातींचा फर्मा, आणि उरलेला 'मजकूर' कापडी पुठ्ठ्यात बांधून देतो. त्याचा यात दोष नाही. तसे सांगणारे आम्हीच, म्हणजे मराठीचे प्राध्यापक. वाङ्मय म्हणजे मजकूर, आणि चित्र म्हणजे मजकुराचे वेष्टन, ही आमची समजूत त्याने सुईदोऱ्याने अमलात आणली इतकेच.

हा लेख लिहिण्याचे निमित्त मात्र वेगळे आहे. हिंगणघाटकडच्या एका विद्यार्थिनीने एम. ए.च्या लघुप्रबंधासाठी विषय निवडला होता: मराठी स्त्री-मासिकांतील चित्रांतून दिसणारा स्त्रीवेश आणि त्याच काळातील कथा-कादंबऱ्यांतील वेशवर्णने. विषय समितीपुढे गेला आणि दोन मिनिटांत परत आला. "हे साहित्य नव्हे, हा फॅशनचा विषय आहे, गृहविज्ञानाकडे न्या," असे एका ज्येष्ठांनी सांगितले आणि बाकीचे हसले. आम्ही तिघांपैकी एक त्या बैठकीला हजर होता आणि तोही गप्प बसला. त्या गप्प बसण्याची भरपाई म्हणून पुढील मजकूर वाचावा, अशी विनंती आहे.

ज्या देशाच्या समीक्षकांची नावे घेतल्याशिवाय आमचा एकही चर्चासत्रीय निबंध पुरा होत नाही, त्या फ्रान्सकडे प्रथम पाहू. बोदलेअरचा आधुनिक जीवनाच्या चित्रकारावरील १८६३ चा निबंध आमच्याकडे 'आधुनिकता' या संकल्पनेचा उगम म्हणून शिकवला जातो. तो सुरू कोठून होतो? जुन्या काळच्या वेशचित्रांच्या एका संचापासून. कोणत्या वर्षी बायका कोणते झगे घालीत, हे दाखवणाऱ्या त्या छापील चित्रांत बोदलेअरला त्या त्या काळाचे सौंदर्य आणि नीती दोन्ही दिसली. मलार्मे, ज्याची दुर्बोधता आम्ही अर्धा तास समजावून सांगतो, त्याने १८७४ साली एक फॅशनचे नियतकालिक चालवले. त्याचे आठ अंक निघाले, आणि बहुतेक मजकूर त्याने स्वतःच, बायकांची टोपणनावे घेऊन लिहिला. रोलाँ बार्थचे नाव तर आमच्या विद्यार्थ्यांच्या जिभेवर असते. पण १९६७ साली प्रसिद्ध झालेला त्याचा जाडजूड ग्रंथ फॅशनच्या मासिकांतील चित्राखालच्या ओळींवर आहे, हे सांगितले तर तेच विद्यार्थी चमकतात. म्हणजे गृहविज्ञानाकडे न्यायचे असेल तर आधी या तिघांना न्यावे लागेल.

आता प्रत्यक्ष चित्रांकडे येऊ. १९०८ साली पोल प्वारे या पॅरिसच्या वस्त्रकाराने पोल इरीब या चित्रकाराकडून आपल्या पोशाखांचा एक चित्रसंग्रह करवून घेतला. १९११ साली ज्यॉर्ज लपापकडून दुसरा. १९१२ मध्ये ल्युसियां व्होजेलने 'गाझेत द्यु बाँ ताँ' हे मासिक काढले. मधली महायुद्धाची वर्षे वगळता ते १९२५ पर्यंत चालले. ज्यॉर्ज बार्बिए, शार्ल मार्तां, लपाप अशी मंडळी त्यात चित्रे काढीत. ही चित्रे यंत्रावर रंगवलेली नसत. प्रत्येक रंगासाठी वेगळे स्टेन्सिल कापायचे, त्यातून हाताने कुंचला फिरवायचा, आणि असे एकावर एक रंग चढवत एक पान पुरे करायचे, अशी ती पद्धत. तिला 'पोश्वार' म्हणतात. छायाचित्रे छापण्याची सोय तेव्हा उपलब्ध होती. तरीही या लोकांनी हाताची रेघ निवडली. अंकातल्या सर्व पोशाखांना गिऱ्हाइकेही नसत. काही चित्रे वस्त्रकारांच्या खऱ्या पोशाखांची असत आणि काही चित्रकारांच्या निव्वळ कल्पनेतली. कोणी न शिवलेली वस्त्रे, कोणी न नेसलेली. चित्रात बाई केवळ उभी नसते. ती पत्र वाचते आहे, पावसात अडकली आहे, कोणाची तरी वाट पाहते आहे, आणि खाली एक खोडकर शीर्षक. याला लघुकथा म्हणत नाहीत तर काय म्हणतात?

येथे एक आडवळण घेतल्यावाचून राहवत नाही. त्या काळच्या पॅरिसच्या चित्रांत बायकांच्या डोक्यावर जे तुरेदार फेटे दिसतात, ते प्वारेने लंडनच्या साउथ केन्झिंग्टन संग्रहालयातील हिंदुस्थानी पगड्यांवरून उतरवून घेतले होते. त्याने आत्मचरित्रात ते मोकळेपणाने सांगितले आहे. म्हणजे आमच्या पुरुषांच्या पगड्या काचेच्या कपाटातून निघून पॅरिसच्या बायकांच्या डोक्यावर गेल्या, मासिकांत छापल्या गेल्या आणि 'नवे' म्हणून जगभर फिरल्या. उलट दिशेचा प्रवासही घडला. 'गाझेत'च्या चित्रकारांपैकी एक, बेर्नार बुते द मोन्व्हेल, याने इंदूरचे यशवंतराव होळकर यांना १९२९ साली पाश्चात्त्य संध्यापोशाखात रंगवले, आणि तिसाच्या दशकात मराठा दरबारी वेशात गादीवर बसवून पुन्हा रंगवले. कागलच्या घाटगे घराण्यातून आलेल्या संयोगिताराणींचे चित्रही त्याच हाताचे. वेश बदलला की माणूस बदलतो की नाही, हा प्रश्न एकाच माणसाच्या दोन चित्रांत इतक्या उघडपणे क्वचितच मांडला गेला असेल. आमच्या वर्गात तो कधी आला नाही.

पण आमचा खरा वाद पॅरिसविषयी नाही. आपल्याकडे या तोडीचे काही नव्हतेच, असे जे गृहीत धरले जाते त्याविषयी आहे.

महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) हे नाव मराठीच्या विद्यार्थ्याला माहीत असेलच असे नाही. कोल्हापूरचा हा माणूस मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकला, तेथेच शिकवू लागला आणि 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे आत्मकथन मराठीत लिहून गेला. त्यांची पोस्टकार्डे, पुस्तकांतली चित्रे, रस्त्यावरच्या बायकांची रेखाटने पाहिली की लुगड्याचा ओचा, खोचलेला पदर, डोईवरच्या भाराने ताणलेली पाठ या गोष्टी त्यांनी किती बारकाईने पाहिल्या होत्या ते कळते. ऑटो रॉथफेल्ड या सनदी अधिकाऱ्याच्या 'विमेन ऑफ इंडिया' या १९२० च्या सुमाराच्या इंग्रजी पुस्तकासाठी त्यांनी अठ्ठेचाळीस रंगीत चित्रे काढली. हा संच आम्ही विद्यार्थ्यांना दाखवतो तेव्हा ते आधी "किती सुंदर" म्हणतात. मग आम्ही चित्रांखालची नावे वाचायला सांगतो. कोणाही बाईला स्वतःचे नाव नाही. कोठे प्रांत आहे, कोठे जात आहे, कोठे व्यवसाय आहे. बाई म्हणजे तिच्या जातीचे नेसणे. साहेबाच्या टेबलावर ठेवायचे ते एक सुरेख, रंगीत वर्गीकरण आहे.

आणि नंतर लगेच, डिसेंबर १९२७ मध्ये, महाडच्या परिषदेला जमलेल्या स्त्रियांना बाबासाहेब आंबेडकर काय सांगतात? तुमच्या नेसण्यावरून आणि अंगावरच्या दागिन्यांवरून तुमची जात ओळखू येता कामा नये. लुगडे वरच्या वर्गातल्या बायका नेसतात तसे नेसा. गळ्यातले आणि हातापायांतले ते चांदी-कथलाचे ओझे काढून टाका. मनुस्मृतीच्या दहनाबद्दल आम्ही तासभर बोलतो. त्याच परिषदेतले हे लुगड्याविषयीचे बोलणे एका वाक्यात उरकतो, जणू ते बायकांसाठी जाता जाता केलेले उपदेशपर भाषण असावे. आमच्या मते ते धुरंधरांच्या त्या चित्रसंचाला, आणि तो ज्या समाजाचा आरसा होता त्या समाजाला, दिलेले सर्वांत थेट उत्तर होते. चित्राखालचे जातीचे नाव खोटे ठरवायचे, तर चित्रातले लुगडे बदलावे लागते. हे ज्यांना कळले ते राजकारणी होते, समीक्षक नव्हते, ही आमच्या व्यवसायाची शोकांतिका म्हणावी की विनोद, ते वाचकांनी ठरवावे.

बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' आम्ही गेली कित्येक वर्षे शिकवतो. महार बाईने लुगड्याचा काठ दिसू न देता तो निऱ्यांत लपवून नेसायचे, आणि काठ दिसला तर तो गुन्हा, असे त्यात येते. दोनेक वर्षांपूर्वी एका मुलीने वर्गात विचारले, "सर, काठ निऱ्यांत लपतो म्हणजे नेमका कसा? लुगड्याला तर काठ खालीच असतो ना?" शिकवणारा खडू हातात घेऊन फळ्यापर्यंत गेला आणि थांबला. त्याला ते काढता येईना. वीस वर्षे शिकवलेल्या पुस्तकातली एक मध्यवर्ती प्रतिमा त्याने कधी डोळ्यांपुढे आणलीच नव्हती. शेवटी त्याच मुलीने घरी जाऊन आजीला विचारले, आजीने नेसून दाखवले, आणि दुसऱ्या दिवशी मुलीने वहीत पेन्सिलीने काढलेली चार चित्रे वर्गात फिरली. पहिल्या चित्रात काठ दिसतो, चौथ्यात नाहीसा झालेला असतो. हीच ती मुलगी, जिचा विषय समितीने गृहविज्ञानाकडे पाठवला.

शब्दांचेही तेच. लुगडे, पातळ, साडी; चोळी, पोलके, झंपर. हे समानार्थी शब्द नाहीत. प्रत्येकामागे एक वय आहे, एक वर्ग आहे, बहुधा एक दशक आहे. 'झंपर' हा शब्दच मुळी इंग्रजी 'जम्पर'वरून आला. सकच्छ नेसावे की विकच्छ, नऊवारी टिकवावी की गोल पातळ स्वीकारावे, यावर मराठी घरांत जे रणकंदन झाले, ते आजच्या विद्यार्थ्याला कादंबरी वाचताना ऐकूच येत नाही, कारण त्याच्यासाठी सगळेच 'साडी'. ना. सी. फडक्यांच्या नायिकेच्या साडीचा रंग हा आमच्या समीक्षेतला नेहमीचा थट्टेचा विषय. फडके सवंग होते की नव्हते, हा वाद सध्या बाजूला ठेवू. पण विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात मराठी नायिका पाचवारी नेसते तेव्हा ती काय करून बसली आहे, हे समजण्यासाठी तरी कोणी ते रंग आणि ती वारे मोजली का? थट्टा करणे सोपे होते, म्हणून थट्टाच झाली.

पॅरिसमध्ये वेशचित्र कागदावर होते. आपल्याकडे काही वर्षे ते रंगभूमीवर चालत-बोलत होते, आणि ते एक पुरुष होते. बालगंधर्वांची भामिनी, रुक्मिणी पाहायला जाणाऱ्या बायका घरी परतताना गाण्याइतकाच पदरही लक्षात ठेवून परतत; त्यांच्या नेसण्याचे, अंबाड्याचे, दागिन्यांचे अनुकरण झाले हे सर्वश्रुत आहे. मात्र याच बालगंधर्वांनी १९१९ साली 'एकच प्याला'मधली सिंधू उभी केली, तेव्हा अंगावर जुनेर होते. भरजरी शालू नेसण्याची कीर्ती असलेल्या नटाने जुनेर नेसणे हा प्रेक्षकांच्या डोळ्यांवरचा आघात होता, आणि तो आघात कळण्यासाठी आधीचे शालू माहीत असावे लागतात. नाटकाच्या तासाला आम्ही गडकऱ्यांची भाषा शिकवतो, कोट्या शिकवतो. जुनेर शिकवत नाही. तिकडे पॅरिसमध्ये डॅनिश चित्रकर्ती गेर्दा वेगेनर हिच्या वेशचित्रांतली तन्वंगी स्त्री म्हणून पुष्कळदा तिची जोडीदार लिली एल्बे उभी राहत असे. समाजाने जिला पुरुष मानले होते अशी ती स्त्री. बालगंधर्वांची गोष्ट निराळी आहे, दोन्ही एका मापाने मोजू नयेत. तरी 'खरी स्त्री' दिसते कशी, हे दोन्ही ठिकाणी वस्त्रांनी ठरवले, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

'स्त्री' मासिक किर्लोस्करवाडीहून १९३० साली सुरू झाले. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर मुळात चित्रकार होते. लाहोरला पंडित सातवळेकरांच्या हाताखाली ते चित्रकला शिकले होते, आणि 'टाकांच्या फेकी' या नावाने त्यांची व्यंगचित्रे गाजली. असा संपादक मासिकाचे मुखपृष्ठ काही रिकामी जागा भरण्यासाठी सोडत नाही. आत एखादा लेख स्त्रियांच्या शिक्षणावर किंवा घटस्फोटावर वाद घालत असेल, तर वरची बाई कशी उभी आहे, तिच्या पायांत वहाणा आहेत की नाहीत, हातात काय आहे, हाही त्या वादाचाच भाग असतो. बांधीव खंड चाळणाऱ्याला वादाची एकच बाजू मिळते. पुढे दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये 'दीपावली' सुरू केले. रघुवीर मुळगावकरांच्या चित्रांनी तर घराघरांतल्या भिंती व्यापल्या. या दोघांच्या गोऱ्या, मऊ, नेहमी किंचित लाजणाऱ्या बायकांविषयी आमच्यातच एकमत नाही. एकाला त्यांचा कंटाळा येतो, दुसऱ्याला त्यांतली रेषेवरची हुकमत थक्क करते, तिसऱ्याच्या आईने दलालांचे एक मुखपृष्ठ चौकटीत घालून ठेवले होते म्हणून तो काहीच बोलत नाही. पण कंटाळा येण्यासाठीसुद्धा आधी पाहावे लागते. 'कॅलेंडरी' हा एक शब्द वापरून न पाहताच मोकळे होण्याची सवय आम्हांला अधिक आक्षेपार्ह वाटते.

अपवाद होते. घुर्ये यांच्यासारख्या समाजशास्त्रज्ञाला १९५१ साली भारतीय पोशाखावर स्वतंत्र ग्रंथ लिहावासा वाटला. द. ग. गोडसे यांनी आपल्या कलाविचाराला 'पोत' हा कापडाचा शब्द दिला, आणि नाटकांचे नेपथ्य-वेश करता करता ते लिहीत राहिले. मराठी विभागांनी गोडशांचा शब्द उचलला, तो कवितेला लावला, आणि कापड मागे सोडून दिले. आज 'कवितेचा पोत' म्हणणाऱ्यांपैकी कितींना उभा-आडवा धागा आठवतो?

आता सर्वांत जड आक्षेप. तो आम्हांला समितीत नव्हे, स्टाफरूममध्ये एका मित्राने ऐकवला: "ज्या जिल्ह्यात कापूस पिकवणारा शेतकरी जीव देतो, आणि ज्या जिल्ह्यात सेवाग्राम आहे, तेथे बसून तुम्ही फॅशनच्या चित्रांवर लेख लिहिणार?" या प्रश्नाची धार आम्ही बोथट करू इच्छित नाही. 'गाझेत'ची वर्गणी परवडणारे लोक कोण होते, आणि त्यांच्या चैनीचा खर्च जगाच्या कोणकोणत्या कोपऱ्यांतून वसूल होत होता, हे आम्हांला ठाऊक आहे. बार्बिएच्या रेघेचे कौतुक करताना आमचीही जीभ मधूनच अडखळते. पण मित्राचा प्रश्न चुकीच्या ठिकाणी येऊन थांबतो असे आम्हांला वाटते. एकोणिसाव्या शतकात हिंगणघाटच्या कापसाला विलायतेच्या बाजारात स्वतःचे नाव होते. येथला कापूस तेथे गेला, कापड होऊन परत आला, आणि ते कापड विकण्यासाठी चित्रे लागली. गाठींवरची लेबले, दुकानांतली कॅलेंडरे, मासिकांतल्या जाहिराती ही त्या साखळीची शेवटची कडी होय. नेसणारीचे चित्र पाहायचेच नाही असे ठरवले, तर पिकवणाऱ्याचा हिशेब अर्ध्यावरच सुटतो.

आणि सेवाग्रामविषयी म्हणायचे तर, वेशाचे सामर्थ्य गांधींइतके ओळखलेला दुसरा माणूस त्या शतकात दाखवावा. १९२१ साली मदुराईला त्यांनी पंचा नेसला तो विचार करून, आणि त्या एका नेसण्याने त्यांचे चित्र दोन रेघांत काढता येऊ लागले. शाळकरी मूलही काढते. १९३६ मध्ये ते सेवाग्रामला राहायला आले, १९३८ मध्ये वर्ध्यात मगन संग्रहालयाचे उद्घाटन त्यांच्या हस्ते झाले, आणि तेथे चरखे नि खादी प्रदर्शनात मांडली गेली. कापड पाहण्याची, हाताळण्याची, त्याच्याविषयी प्रश्न विचारण्याची शिस्त ज्या गावात संग्रहालय काढून शिकवली गेली, तेथल्याच मराठी विभागांनी वस्त्राला 'साहित्याबाहेरचे' म्हणावे, हे गांधींच्या नावाने खपवू नये. विदेशी कापडाची होळी करणाऱ्यांना विदेशी कापड ओळखता येत होते. आमच्या विद्यार्थ्यांना कादंबरीतले ओळखता येत नाही.

त्या विद्यार्थिनीने नंतर दुसरा विषय घेतला, निमूटपणे. ग्रामीण कादंबरीतील स्त्रीचित्रण. असे किमान चाळीस लघुप्रबंध आमच्या कपाटात आधीच आहेत, आणि त्यांतल्या एकातही चित्र नाही, शीर्षकात 'चित्रण' असूनही. तिची पेन्सिलीची चार पाने आम्ही मागून घेतली आहेत. पुढच्या समितीपुढे आम्ही तोच विषय पुन्हा ठेवणार आहोत, या वेळी तिच्या चित्रांसह आणि गप्प न बसता.

दरम्यान आमच्या सहव्यवसायी मित्रांना एवढेच सुचवायचे आहे की या उन्हाळ्यात ग्रंथालयाचे जुने अंक बांधायला जातील तेव्हा स्वतः बाइंडरकडे जावे. आमच्यापैकी एक मागच्या महिन्यात गेला होता. कोपऱ्यात काढून टाकलेल्या मुखपृष्ठांचा गठ्ठा पडला होता, रद्दीत जाण्यासाठी. मुखपृष्ठांसकट बांधायचे असेल तर किती जास्त घेणार, असे विचारल्यावर बाइंडर म्हणाला, "जास्त कशाचे सर? उलट काढायचीच मेहनत वाचते."